अहो आई, बोलोन्याहून बोलतेय

इटलीतल्या शेवटच्या दिवशी सकाळी माझ्या नवऱ्याच्या पाठीत उसण भरली. निमित्त झालं बुटाच्या नाडीचं. आठवडाभर तो आपल्या आईची अजस्र बॅग घेऊन तीन शहरांचे जिने चढला-उतरला, तेव्हा काही झालं नाही. आणि बोलोन्याच्या त्या छोट्या हॉटेलात नाडी बांधायला वाकला, तो वाकलेलाच राहिला.

"मला हलवू नका," तो फरशीकडे बघत म्हणाला.

आम्ही त्याला हलवलं. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने सासूबाई, असं धरून काटकोनातच पलंगापर्यंत नेलं आणि भिंतीकडे तोंड करून कुशीवर लवंडलं. सासूबाईंनी बॅगेच्या तळातून बामची बाटली काढली. हॉटेलच्या मालकीणबाईंनी गरम पाण्याची पिशवी आणून दिली, खोली संध्याकाळपर्यंत ठेवा असं खुणेनं सांगितलं, आणि त्याच्या गालाला हात लावून इटालियनमध्ये काहीतरी हळहळल्या. अर्थ न कळताही तो सुखावला.

आमची परतीची गाडी रात्रीची होती. म्युनिकला उतरून स्टुटगार्ट, तिथून गेर्लिंगेनचं घर आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस. म्हणजे अख्खा दिवस हातात होता. तो कसा घालवायचा ते तासातासाने ठरलेलं होतं, पण ते सगळं नवऱ्याच्या डोक्यात, आणि डोकं उशीवर.

"तुम्ही दोघी जा," तो भिंतीला म्हणाला.

"छे, तुला असा टाकून?" सासूबाई म्हणाल्या.

"मी थांबते, आई जाऊन येतील," मी म्हटलं. मग लक्षात आलं, आई एकट्या जाणार कुठे?

"दोघी जा आणि मला झोपू द्या."

आता खरी अडचण सांगते. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, तरी सासूबाई आणि मी दोघीच अशा कधी बाहेर पडलो नव्हतो. भांडण नव्हतं. भांडण असतं तर निदान बोलणं तरी झालं असतं. आमच्यात होता तो भयंकर सभ्यपणा. मी त्यांना 'अहो आई' म्हणायची, त्या मला 'अगं' म्हणायच्या, आणि त्यापुढचं सगळं नवऱ्यामार्फत चालायचं. "तिला विचार रे, आमटीत गूळ घालू का." "आईंना सांग, घाला म्हणावं." आम्ही तिघंही एकाच स्वयंपाकघरात, हात लांब केला तर गुळाचा डबा पोचेल एवढ्या अंतरावर. दिवसभर गाड्यांच्या गिअरबॉक्सशी झगडून आलेला हा इंजिनियर घरी मराठीचं मराठीत भाषांतर करत बसायचा.

गंमत म्हणजे फोनवर याच बाई निराळ्या असायच्या. त्या नाशिकला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, आता निवृत्त. नाशिकहून फोन आला की अर्धा अर्धा तास बोलायच्या. शेजारणीचं मांजर, सोसायटीची मीटिंग, कुणाच्या लग्नात जिलबी कशी गार होती. मला माझ्या जर्मन साहेबाच्या नकला करायला लावायच्या आणि पोट धरून हसायच्या. आणि त्याच बाई विमानातून उतरून आमच्या फ्लॅटमध्ये समोर येऊन बसल्या की ओढणी सारखी करत गप्प. स्काइपवरसुद्धा कॅमेरा सुरू झाला की आवाज बंद. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की माझा चेहराच त्यांना आवडत नसणार.

त्यात त्या वर्षी नवऱ्याने एक बेत काढला होता. सासरे गेल्यापासून आई नाशिकला एकट्या, तर त्यांना कायमचं जर्मनीत आणायचं. त्यासाठी तो आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या सरकारी कचेरीत, खेटे घालत होता. तिथल्या बाई दर वेळी सांगायच्या की हे जवळजवळ अशक्य आहे. त्याने त्यातला 'जवळजवळ' तेवढा धरून ठेवला होता. आईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणाल तसं." मला विचारलं तर मी म्हटलं, "त्यांची इच्छा असेल तर माझं काय जातंय." एवढ्यावर तो कामाला लागला होता.

तर अशा आम्ही दोघी, पायांत स्पोर्ट्स शूज, ऑक्टोबरअखेरच्या कोवळ्या उन्हात बाहेर पडलो. ऊन म्हणायचं एवढंच. बोलोन्यात फुटपाथांवर कमानींची छपरंच आहेत, गावभर, एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर. माणूस पाऊस न लागता आणि सावली न सोडता अख्खं गाव पालथं घालू शकतो. सासूबाई फरशीकडे बघत चालत होत्या. मी वर कमानींकडे बघत चालत होते.

मग एका कॉफीच्या दुकानात शिरलो. तिथे सगळे उभ्याउभ्या काउंटरवर कॉफी पीत होते. स्टुटगार्टच्या सवयीने मी दोन 'लाट्टे' मागितल्या आणि समोर आले दोन ग्लास गरम दूध. इटलीत लाट्टे म्हणजे नुसतं दूध, हे नवऱ्याला माहीत असणार. पण तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी ओशाळून काउंटरवाल्याला हाक मारणार, तोच सासूबाईंनी ग्लास उचलला.

"साय आहे," त्या म्हणाल्या. माझ्याशी, थेट. "राहू दे."

आम्ही एस्प्रेसोवाल्या सुटाबुटातल्या बाप्यांच्या रांगेत उभ्या राहून सायीसकट दूध प्यायलो. दोघींना मिशा आल्या. त्यांनी माझी मिशी बघितली, मी त्यांची बघितली, आणि दोघींनी सभ्यपणे दुसरीकडे बघितलं.

बाजाराच्या गल्लीत पुढे एक दुकान होतं. काचेच्या आड पांढऱ्या टोप्या घातलेल्या चार-पाच बायका पीठ लाटत होत्या. लाटणं म्हणजे केवढं, आपल्याकडे त्याने धुणं बडवलं असतं. टेबलभर चादरीएवढी पोळी, इतकी पातळ की खालचं लाकूड दिसावं. ती कापून, चौकोनात सारण भरून, बोटाभोवती वळवून टाकत होत्या. सासूबाई थबकल्या. दिवाळी तोंडावर आलेली, आणि समोर कुणी काहीतरी भरून मिटवतंय म्हटल्यावर त्यांचे पाय हलेनात.

"कडा नुसत्या दाबतायत," त्या पुटपुटल्या. "तळताना सुटतील."

"अहो आई, ते तळत नाहीत. उकळतात."

"मग तर सुटतीलच."

आतल्या एका ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या बाईने वर बघितलं आणि हसली. सासूबाईंनी तिला ओढणीचं टोक दाखवलं. मग काचेला नाक लावून, ओढणीच्या काठाला चिमटीने मुरड घालून दाखवली, करंजीला घालतो तशी, एकीवर एक, गोगलगाईच्या पाठीसारखी. बाईने हातातलं काम ठेवलं. पिठाचा एक गोल घेतला, दुमडला, आणि काठाला चिमटे घेत एक वेडीवाकडी मुरड घातली. ती काचेजवळ धरली. सासूबाईंनी मान हलवली: अजून बारीक. बाईने दुसरी केली. सासूबाई: अंगठा आतून. तिसरी जमली. आतल्या सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, आमच्या मागे थांबलेल्या एका आजोबांनीही वाजवल्या, आणि सासूबाई लाजून इतक्या भरभर चालू लागल्या की मला त्यांना गाठायला पळावं लागलं.

"तिला सवय होईल," एवढंच त्या म्हणाल्या.

मुख्य चौकाशी एका जुन्या वाड्याच्या पोटात एक उंच छत आहे, चार खांबांवर तोललेलं, खालून चारी बाजूंनी माणसं ये-जा करतात. तिथे आम्हाला एक विचित्र दृश्य दिसलं. चारी कोपऱ्यांत एकेक माणूस भिंतीला नाक लावून उभं.

"यांना शिक्षा झालीय का गं?" सासूबाईंनी विचारलं.

शेजारी एक वयस्क जर्मन जोडपं रांगेत होतं, दोघांची एकाच रंगाची जाकिटं. मी जर्मनमध्ये विचारलं तर त्या गृहस्थांनी मोठ्या हौसेने समजावलं. या कोपऱ्यात भिंतीशी कुजबुजलं की आवाज छतावरून फिरून थेट समोरच्या तिरक्या कोपऱ्यात उतरतो. मधल्या माणसांना काही ऐकू येत नाही. पूर्वी म्हणे महारोग्यांना इथे दुरूनच पापं कबूल करायला लावायचे. मी "म्हणजे भिंतीतून फोन," असं म्हटल्यावर ते खूश होऊन "गेनाऊ! गेनाऊ!" असं दोनदा म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर.

मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी छताकडे बघितलं, खांबांकडे बघितलं.

"वायर कुठून गेलीय?"

"वायर नाही."

"बॅटरी?"

"काही नाही. नुसती भिंत."

त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते मी यापूर्वी कधी बघितलं नव्हतं. पर्स माझ्याकडे देऊन त्या सरळ समोरच्या कोपऱ्याच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. आमची पाळी आली तशी मी माझ्या कोपऱ्यात शिरले. भिंत गार होती आणि तिला ओल्या दगडाचा वास होता. मला खुळ्यासारखं वाटलं. तरी म्हटलं, "हॅलो?"

"हां, बोला. कुठे जोडून देऊ?"

कानाशीच. स्वच्छ, टवटवीत, नाशिकहून येतो तो आवाज. मी दचकून मागे वळून बघितलं. गर्दीपलीकडे, पार त्या टोकाला, निळ्या स्वेटरातली एक छोटीशी पाठ, कानामागे हात धरलेला.

"अहो आई, बोलोन्याहून बोलतेय," मी म्हटलं.

"बोल गं! हवा कशीय तिकडे?"

"छान आहे. तुमच्याकडे?"

"इथे एक कबुतर आहे. माझ्या बुटावर डोळा आहे त्याचा. तू जेवलीस?"

"नाही अजून. तुम्ही?"

"सकाळी दूध घेतलं. सुनेला मिशी आली होती, पण मी काही बोलले नाही."

मी फसकन हसले. भिंतही हसली. मग थोडा वेळ नुसती कुजबुजीतली घरघर, पावलांचे आवाज. मला वाटलं, त्या गेल्या. तेवढ्यात आवाज आला, पण हळू.

"अगं, ऐकतेस ना? एक विचारू? मी इकडे कायमची राहायला यावं असं तुला मनापासून वाटतं का?"

माझं सभ्य उत्तर तयार होतं, अगदी ओठांवर. पण समोर विटा होत्या, आणि विटांकडे बघून गोड हसता येईना.

"तुम्हाला वाटतं का?"

"मी आधी विचारलं."

"तुम्ही मोठ्या. आधी तुम्ही सांगा."

पुन्हा घरघर. मग एका दमात: "मला नाशिकला जायचंय. तुमचं घर छान आहे, तुम्ही दोघं गुणाची आहात, पण रविवारी मिक्सर लावायचा नाही, दुपारी जिन्यात बोलायचं नाही, एवढी शांतता मला सोसत नाही गं. तिथे सकाळी फिरायला जायच्या बायका दाराशी हाका मारतात. सोसायटीची मीटिंग माझ्याशिवाय होत नाही. तिथे मी कुणीतरी आहे. इथे मी नुसती त्याची आई आहे. ते चांगलंच आहे, पण दिवसभर पुरत नाही." थोडं थांबून, "तो इतका धडपडतोय, त्याला कसं सांगू? तुला राग आला का?"

"नाही हो!" मी म्हटलं. "उलट मला इतकं बरं वाटलं..." आणि जीभ चावली.

मग भिंतीतून असं काही हसू फुटलं की मी कान मागे घेतला.

"म्हणजे तुलाही नकोय मी!"

"तुम्ही नको असं नाही. कायमचं नको."

"अगदी हेच म्हणतेय मी. कायमची मलाही नकोयस तू!"

आम्ही दोघी आपापल्या कोपऱ्यात कपाळ टेकवून हसत होतो. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, आणि ते फक्त हसण्याचं होतं असं म्हणता येणार नाही. इतकी वर्षं मी ज्या घरात पाहुण्यासारखं वागले ते माझंच घर होतं, आणि समोरची बाईही तिथे पाहुण्यासारखीच वागत होती.

"आणखी एक," भिंत म्हणाली. "समोर माणूस दिसलं की मला बोलणं सुचत नाही. सगळी नोकरी तोंडं न बघता बोलण्यात गेली. तुझे सासरेसुद्धा म्हणायचे, तुझ्याशी बोलायचं तर मला शेजारच्या खोलीत जाऊन फोन करावा लागेल. तुझं काही नाही त्यात."

नेमका त्याच वेळी मागून त्या जर्मन गृहस्थांचा खोकला आला. "माफ करा, अजून वेळ लागेल का?" तिकडच्या कोपऱ्यात त्यांच्या पत्नीनेही बहुधा हेच विचारलं असावं, कारण माझ्या कानात सासूबाईंचं जुनं, खणखणीत ऑफिसातलं इंग्रजी आलं: "एंगेज्ड, मॅडम! लाइन इज एंगेज्ड!"

मग मला म्हणाल्या, "चल, ठेवते. भूक लागली."

"ठेवते," मी म्हटलं.

छताखाली मधोमध भेटलो तर पुन्हा तेच. त्या ओढणी सारखी करू लागल्या, मी पर्सचा पट्टा. पण त्यांनी एक केलं, माझ्या कोपरात हात घातला आणि मला चालतं केलं. चालताना दोन माणसांची तोंडं पुढे असतात. समोरासमोर यायची गरज नसते. ही युक्ती आम्हाला दोघींना एकदमच कळली असावी. त्यानंतर दिवसभर आम्ही थांबलोच नाही.

भोपळ्याचं सारण भरलेल्या, लोण्यात परतलेल्या पिठाच्या करंज्या खाल्ल्या तेवढा वेळ बसलो. तेव्हाही शेजारीशेजारी, रस्त्याकडे तोंड करून. मग पुन्हा चालणं. दोन उंच मनोरे बघितले, एक सरळ आणि एक कललेला. "जावाजावा आहेत," सासूबाई म्हणाल्या, "एकीने मान वळवलीय." एका गल्लीत भिंतीतली एक छोटी खिडकी उघडली तर पलीकडे चक्क पाणी, घरांच्या मधून वाहणारा कालवा. "अगं, गोदावरी!" त्या ओरडल्या, आणि मग बारकाईने बघून, "पण धुणं दिसत नाही कुठे." चालता चालता त्यांनी मला एक्स्चेंजमधले दिवस सांगितले, सासऱ्यांनी पहिल्यांदा चुकीचा नंबर मागून बोलणं कसं वाढवलं ते सांगितलं. मी त्यांना सांगितलं की मला त्यांची आमटी गुळाशिवाय जास्त आवडते. त्या थबकल्या.

"इतकी वर्षं तो म्हणत होता, घाला म्हणतेय."

"मीच म्हणत होते."

"मूर्ख आहेस," त्या म्हणाल्या. इतकं मोकळं त्या मला पहिल्यांदाच काही बोलल्या होत्या.

हॉटेलवर परतलो तेव्हा नवरा तसाच भिंतीकडे तोंड करून होता, पण जागा.

"काय काय बघितलंत?"

सासूबाई पलंगाच्या काठावर, त्याच्या पाठीमागे बसल्या. मला खूण केली, मी त्यांच्या शेजारी बसले.

"सांगते. तू वळू नकोस."

"वळता येतंय कुठे?"

आणि त्यांनी सांगून टाकलं. नाशिक, मिक्सर, फिरायच्या बायका, सगळं. माझं नाव घेतलं नाही, मग मीच म्हटलं, "माझंही तेच मत आहे." त्याचे खांदे दिसत होते फक्त.

"मला वाटलं, तुला तिथे एकटं वाटत असेल," तो शेवटी म्हणाला.

"वाटतं कधीकधी," त्या म्हणाल्या. "तेव्हा फोन करते की."

"तुम्हा दोघींचं हे ठरलं कधी?"

"दुपारी."

"कुठे?"

"ट्रंककॉलवर," त्या म्हणाल्या.

तो अतिशय गंभीर आवाजात म्हणाला, "आउसलेंडरबेहोर्डेतल्या बाईंना आता काय सांगू? त्या मला नावाने हाक मारायला लागल्यात." आम्ही हसलो, त्यालाही हसू आलं आणि पाठीत कळ गेली. "हसवू नका!" तो विव्हळला. पण गाल ओले होते त्याचे. सासूबाईंनी ते बघितलं नाही असं दाखवलं, आणि बाम गरजेपेक्षा बराच जास्त वेळ चोळत राहिल्या.

त्या वर्षअखेरीस सासूबाई नाशिकला परत गेल्या. तेव्हापासून दर उन्हाळ्यात येतात, हौसेने येतात आणि हौसेने जातात. गेर्लिंगेनच्या मागच्या जंगलात आम्ही दोघी मैलोन्‌मैल चाललो. घरात समोरासमोर त्या अजूनही ओढणी सारखी करतात; मग मी ओट्याकडे वळते आणि पाठमोरी विचारते, "काय झालं हो आई?" आणि त्या सांगतात.

पण त्या संध्याकाळचं राहिलं. नवऱ्याला मध्ये घेऊन आम्ही स्टेशनवर पोचलो. त्याची चाल बघून एक तरुण मुलगी बाकावरून उठली आणि सासूबाईंना सोडून त्याला जागा दिली. तो ओशाळला, सासूबाई खूश झाल्या. तेवढ्यात फलकावर आमच्या गाडीपुढे उशीर झळकला, चांगलाच मोठा. आजूबाजूचे जर्मन प्रवासी घड्याळं बघत उसासे टाकू लागले. सासूबाईंनी आपली अजस्र बॅग लेकाच्या पायाशी सरकवली.

"तू बस सामान सांभाळत," त्या म्हणाल्या. "आम्ही एक चक्कर मारून येतो."

"आत्ता? कुठे?"

उत्तर द्यायला आम्ही तिथे नव्हतोच. बाहेर कमानींमधले दिवे एकेक करून लागत होते, आणि त्यांनी माझ्या कोपरात हात घातला होता.